पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा

मराठींत एक जुनी म्हण आहे : पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा. पायवाटेनें चालणाऱ्या माणसांच्या अनुभवांतून ती जन्मास आली असली पाहिजे. पुढें चाललेला मनुष्य दगडास अडखळतो, मागून येणारा तें पाहतो आणि दगड चुकवून जातो. म्हणींतील शहाणपण खरें आहे. परंतु तें दोन अटींवर अवलंबून आहे, आणि त्या अटी म्हणींत सांगितलेल्या नाहींत. मागच्यास पुढचा दिसला पाहिजे, ही पहिली अट. आणि दिसल्यावर पाऊल आवरण्याइतकी सवड मागच्यास मिळाली पाहिजे, ही दुसरी. मनुष्य ताशीं तीन मैल चालत होता तोंवर या दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होत. तो ताशीं साठ मैल धांवूं लागला आणि वाटेंत धुकें, पाऊस किंवा पूर आडवा आला, म्हणजे दोन्ही अटी एकदमच मोडतात. मग पुढच्यास ठेंच लागते, आणि मागचा शहाणा होण्यापूर्वींच त्याच्यावर जाऊन आदळतो.

हवामानाचें ज्ञान मनुष्यानें कसें मिळविलें, ही एक कथा आहे. तें ज्ञान वाटेवरच्या प्रवाशापर्यंत वेळेवर कसें पोंचविलें, ही दुसरी. पहिली कथा पुष्कळ वेळां सांगितली जाते. दुसरीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु माणसांचे प्राण वांचतात ते या दुसऱ्या कथेमुळें. ती समुद्रावर सुरू होते, आगगाडीच्या रुळांवरून पुढें सरकते, आणि मोटारींच्या रस्त्यावर सर्वांत उशिरा येऊन पोंचते. जो रस्ता मनुष्याच्या घरापुढून जातो, त्यावरच ती इतक्या उशिरा कां आली, हें पाहण्यासारखें आहे.

१८५९ च्या ऑक्टोबर महिन्यांत ‘रॉयल चार्टर’ नांवाचें जहाज ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न बंदराहून इंग्लंडांतील लिव्हरपूलकडे परत येत होतें. सोन्याच्या खाणींत नशीब काढून घरीं परतणारे कित्येक उतारू त्यावर होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकापासूनचा सारा प्रवास सुखरूप झाला. आणि घर हाकेच्या अंतरावर आलें असतां, २५ व २६ तारखांच्या मधल्या रात्रीं, वेल्सजवळच्या अँगल्सी बेटाच्या किनाऱ्यावर वादळानें तें जहाज खडकांवर आपटलें. सुमारें साडेचारशें माणसें बुडालीं.

त्या वेळीं इंग्लंडच्या हवामान खात्याचा प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय हा होता. चार्ल्स डार्विन यास बरोबर घेऊन ज्या ‘बीगल’ जहाजानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या जहाजाचा हाच कप्तान. खलाशाचें जिणें त्यानें स्वतः भोगलें होतें. वादळ हें एका जागीं अकस्मात् उपजत नाहीं. तें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं चालत जातें, हें त्यानें ओळखलें होतें. आणि वादळ जर चालत येतें, तर त्याच्यापेक्षां वेगानें धांवणारें कांहीं तरी पाहिजे, कीं जें पुढें जाऊन बंदरांना जागें करील. असें साधन तेव्हां नुकतेंच हातीं आलें होतें. तें म्हणजे विद्युत् तार. १८६१ च्या फेब्रुवारीपासून फिट्झरॉयनें तारेनें वादळाचे इशारे देण्यास आरंभ केला. इशाऱ्याची तार आली कीं बंदरांतील उंच खांबावर ताडपत्रीचा शंकु चढवीत. शंकूचें टोंक वर असलें तर उत्तरेकडचें वादळ, खालीं असलें तर दक्षिणेकडचें. वाचतां न येणाऱ्या कोळ्यासहि तो दुरून कळे.

फिट्झरॉय १८६५ सालीं वारला. त्याचीं अनुमानें शास्त्राच्या कसोटीस पुरेशीं उतरत नाहींत असें म्हणून १८६६ मध्यें विद्वानांनीं इशारे बंद करविले. तेव्हां ते पुन्हां सुरू करा अशी मागणी बंदरांतून आणि दर्यावर्दी लोकांतून उठली, आणि पुढच्याच वर्षीं ते पुन्हां सुरू करावे लागले. विद्वानांस त्यांतील चुका दिसत होत्या. खलाशांस मात्र त्यांनीं वांचविलेले प्राण ठाऊक होते.

हिंदुस्थानांतहि हीच गोष्ट थोड्या फरकानें घडली. १८६४ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळानें तडाखा दिला. त्यानंतर पाऊस हुकला आणि दुष्काळ पडले. आणि १८७५ सालीं सर्व देशाचें एक हवामान खातें स्थापन झालें. १९२८ मध्यें त्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगर भागांतील त्या इमारतीस पुणेकर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. कोंकणच्या किनाऱ्यावर बंदरांत चढणारा बावटा हा त्याच खात्याच्या बातमीचा दृश्य अवतार होय. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे चार शब्द कानीं आले कीं होड्या वाळूवर ओढल्या जातात. या पद्धतींत एक सोय होती. जहाजावर एक तांडेल असतो. नांगर उचलण्यापूर्वीं तो बावट्याकडे पाहतो. आणि न जाण्याचें त्यानें ठरविलें तर मागून येऊन त्यास कोणी धक्का देत नाहीं.

आगगाडी आली तेव्हां प्रश्न अधिक बिकट झाला. गाडीचा वेग मोठा, ती थांबावयास लागणारें अंतर मोठें, आणि एका गाडीच्या मागून दुसरी येणार हें ठरलेलें. दिवसा सिग्नलचा हात दिसे, रात्रीं दिवा दिसे. परंतु दाट धुक्यांत दोन्ही दिसेनासे होत. यावर १८४१ सालीं एडवर्ड कौपर या इंग्रज अभियंत्यानें एक साधी युक्ति काढली. दारू भरलेली पत्र्याची लहानशी चपटी डबी रुळावर बसवावयाची. तिच्यावरून चाक गेलें कीं मोठा बार होतो, आणि तो ऐकून चालकानें गाडी आवरावयाची. धुकें पडलें म्हणजे सिग्नलच्या खांबाशीं एक मनुष्य उभा करीत. सिग्नल बंद असेपर्यंत तो रुळावर फटाका ठेवी. सिग्नल उघडला कीं तो काढून घेई. डोळ्यांना जें दिसत नाहीं तें कानांना ऐकवावयाचें, एवढेंच त्यांतील तत्त्व. उत्तर हिंदुस्थानांतील हिवाळ्यांत रेल्वेनें हाच उपाय पिढ्यान् पिढ्या वापरला आहे.

तथापि फटाक्यापेक्षांहि मोलाची वस्तु होती ती रेल्वेची शिस्त. रूळ रेल्वेचे, गाडी रेल्वेची, चालक रेल्वेचा नोकर. बार ऐकल्यावर काय करावयाचें हें त्याच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. तो नियम आहे. कोंकण रेल्वेचें उदाहरण याच जातीचें आहे. २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ डोंगरावरून आलेल्या दगडांवर गाडी आदळून सुमारें पन्नास माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढच्याच वर्षीं, १६ जून रोजीं, करंजाडीजवळ मत्स्यगंधा गाडी तशाच कारणानें पुलावरून खालीं आली. या दोन घावांनंतर त्या मार्गावर पावसाळ्याचें वेळापत्रकच निराळें केलें गेलें. पावसाळ्यांत गाड्या मंद गतीनें चालूं लागल्या. स्थानकांवर पाऊस मोजणारीं यंत्रें, उंच पुलांवर वारा मोजणारीं यंत्रें, आणि काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांपाशीं पुराची सूचना देणारीं यंत्रें बसविलीं गेलीं. पाऊस फार झाला आणि पुढचें दिसेनासें झालें, तर चालकानें गाडी ताशीं ४० किलोमीटरांवर आणावी असा दंडक आहे. म्हणजे येथें हवामानाची बातमी आणि गाडीचा वेग यांची गांठ नियमानें बांधलेली आहे.

मोटारीच्या रस्त्यावर ही गांठ बांधणार कोण? रस्ता सरकारचा, गाडी ज्याची त्याची, आणि चाक ज्याच्या हातीं तो आपल्यापुरता राजा. शेजारून जाणाऱ्याचें नांव त्यास ठाऊक नाहीं. त्याची गाडी सुस्थितींत आहे कीं नाहीं, तो जागा आहे कीं पेंगुळलेला, हें ठाऊक नाहीं. अशा हजारों लहान लहान राजांना एकाच क्षणीं एकच गोष्ट कशी सांगावयाची, आणि सांगितल्यावर ती त्यांच्याकडून कशी करवून घ्यावयाची, हा तो प्रश्न होता. १९३४ सालीं इंग्लंडांतील हॅलिफॅक्स गांवच्या पर्सी शॉ नांवाच्या कारागिरानें रस्त्याच्या मधोमध बसवावयाचे कांचेचे चमकते डोळे तयार केले. मांजराच्या डोळ्यांप्रमाणें ते गाडीच्याच दिव्यानें उजळतात. धुक्यांत व अंधारांत रस्ता कोठें आहे, हें त्यांनीं फार चांगलें दाखविलें. परंतु रस्ता कोठें आहे हें सांगणें निराळें, आणि त्या रस्त्यावर पुढें काय वाढून ठेवलें आहे हें सांगणें निराळें. हें दुसरें काम बाकीच राहिलें. आणि तें न केल्याची किंमत एका खोऱ्यानें फार जबर दिली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेनेसी हें एक संस्थान आहे. त्याच्या आग्नेय भागांत हियवासी नांवाची नदी वाहते. उत्तरेस कॅनडाच्या सीमेपासून दक्षिणेस फ्लॉरिडापर्यंत जाणारा ७५ क्रमांकाचा आंतरराज्य राजमार्ग कॅलहून गांवाजवळ ही नदी ओलांडतो. रस्ता रुंद, सरळ, दोन्ही दिशांना स्वतंत्र. मात्र तो नदीच्या सखल खोऱ्यांत उतरतो, आणि तेथेंच त्याचें वैगुण्य आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला म्हणजे अशा रात्रीं जमिनीची उष्णता झपाट्यानें निघून जाते. थंड हवा जड असल्यामुळें ती उतारावरून घरंगळत खोऱ्यांत येऊन साठते. नदीचें पाणी त्या मानानें उबदार, म्हणून त्याची वाफ वर येते आणि थंड हवेंत थिजून तिचें धुकें होतें. जवळच्या एका कारखान्याच्या तळ्यांमुळें हें धुकें वाढतें असाहि आरोप पुढें झाला आणि तो वाद न्यायालयांपर्यंत गेला. कारण कांहींहि असो, परिणाम असा कीं वरच्या अंगाला स्वच्छ ऊन पडलेलें असतां खालच्या दोन-तीन मैलांत हात पुढें केला तर दिसूं नये.

राजमार्गाचा हा भाग १९७३ सालीं खुला झाला. पुढच्याच वर्षीं धुक्यांत गाड्यांवर गाड्या आदळल्या. १९७८ मध्यें पुन्हां, १९७९ मध्यें पुन्हां. धुक्याची सूचना देणाऱ्या पाट्या रस्त्याच्या कडेला लावलेल्या होत्या. परंतु कायमची पाटी आणि इशारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. येथें धुकें असूं शकतें, असें पाटी बारा महिने तेरा काळ सांगत उभी असते. येथें या घटकेला धुकें आहे, असें ती कधींच सांगत नाहीं. रोज त्या वाटेनें जाणारा मनुष्य शंभर वेळां पाटी वाचतो आणि शंभर वेळां पुढें स्वच्छ ऊन पाहतो. एकशें-एकाव्या वेळीं त्याची नजर पाटीवर पडते, पण मनापर्यंत पोंचत नाहीं. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टींतील पोराची जी गत, तीच त्या पाटीची.

११ डिसेंबर १९९० रोजीं सकाळीं नऊच्या सुमारास खोऱ्यांत धुकें दाटलें होतें. दक्षिणेकडे जाणाऱ्या बाजूस एका मालमोटारीच्या चालकानें पुढचें दिसेना म्हणून वेग कमी केला. त्याच्या मागून येणारी दुसरी मालमोटार त्याच्यावर आदळली. तिच्यावर एक लहान मोटार आणि त्या मोटारीवर तिसरी मालमोटार आदळली. आग लागली. पलीकडच्या, उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूसहि तोच प्रकार झाला : धुक्यामुळें मंदावलेल्या एका मोटारीला मागच्या मोटारीनें धडक दिली, आणि तेथूनहि सांखळी सुरू झाली. सर्व मिळून ९९ वाहनें एकमेकांवर आदळलीं. १२ माणसें मेलीं आणि ४२ जखमी झालीं. रस्ता खुला झाल्यापासून त्या एवढ्याशा टापूंत धुक्यानें घेतलेल्या बळींची संख्या या दिवसानें १८ वर नेली.

या हकीकतींत एक गोष्ट नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना पहिला धक्का कोणास बसला? ज्यानें वेग कमी केला त्यास. म्हणजे जो शहाणपणानें वागला तोच प्रथम सांपडला. धुक्यांत शिरणाऱ्या प्रत्येक चालकापुढें हा पेंच उभा असतो. वेग न आवरावा तर पुढच्यावर आदळण्याची भीति. आवरावा तर मागचा आपल्यावर आदळण्याची भीति. अशा वेळीं बहुतेकजण पुढच्या गाडीचा तांबडा दिवा धरून तिच्या मागें मागें जात राहतात, आणि तिच्या चालकास आपल्यापेक्षां अधिक दिसत असेल असें गृहीत धरतात. एकट्याचें शहाणपण येथें उपयोगी पडत नाहीं. सर्वांनीं एकाच वेळीं, एकाच मर्यादेपर्यंत मंद झालें पाहिजे. आणि तें धुक्यांत शिरण्यापूर्वीं झालें पाहिजे. हें ज्याच्या त्याच्या बुद्धीवर सोडून होणारें काम नव्हे.

शाळेंतील त्रैराशिकानेंहि हें उघड होतें. ताशीं ६५ मैल वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ९५ फूट जाते. संकट दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांत १४० फूट मागें पडले; त्यापुढें कोरड्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी दोनशें फूट लागतात. एकंदर सुमारें साडेतीनशें फूट. रस्ता ओला असेल तर याहूनहि पुष्कळ अधिक. धुक्यांत २४० फुटांपलीकडचें दिसत नसेल, तर पुढें उभी असलेली गाडी ज्या क्षणीं दिसली त्याच क्षणीं टक्कर निश्चित झाली. चालक कितीहि कुशल असो, आंकडे त्याची गय करीत नाहींत.

या अपघाताची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें केली. आणि टेनेसी संस्थानानें त्या खोऱ्यांत एक नवी व्यवस्था उभी केली. १९९३ च्या अखेरीस ती चालू झाली. धुक्याचा टापू तीन मैलांचा. परंतु व्यवस्था केली ती एकोणीस मैलांची. दोन्ही अंगांस आठ आठ मैल अधिक घेतले, कारण इशारा द्यावयाचा तो संकटाच्या तोंडाशीं नव्हे, तर त्याच्या पुष्कळ अलीकडे. धुकें मोजणारीं आठ यंत्रें बसविलीं. यांचें कार्य समजण्यास सोपें आहे. यंत्र प्रकाशाचा एक झोत हवेंत सोडतें; हवा स्वच्छ असेल तर तो सरळ निघून जातो; हवेंत जलबिंदु असतील तर त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरतो, आणि हा विखुरलेला प्रकाश शेजारचा डोळा टिपतो. प्रकाश जितका अधिक विखुरला, तितकें धुकें दाट. हवेची उष्णता, ओलावा व वारा मोजणारीं दोन ठाणीं उभारलीं. शिवाय वाहनांचा वेग मोजणारीं ४४ यंत्रें बसविलीं; कारण वाहनें एकाएकीं मंदावलीं, तर पुढें कांहीं तरी विपरीत आहे हें त्यावरूनहि कळतें.

ही सर्व माहिती एका संगणकाकडे जाते आणि तेथून राजमार्गाच्या पोलिसांच्या ठाण्यावर दिसते. धुक्याची दाटी किती, त्याप्रमाणें काय करावयाचें हें अगोदरच ठरवून ठेवलेलें होतें. पाव मैलाच्या, म्हणजे १,३२० फुटांच्या, आंतलेंच दिसूं लागलें, कीं वेगाची मर्यादा ताशीं ५० मैल. ४८० फुटांच्या आंत आलें, कीं ३५ मैल. २४० फुटांच्या आंत आलें, तर रस्ता बंद. वर केलेलें त्रैराशिक येथें पुन्हां पडताळून पाहतां येईल : ताशीं ५० मैलांनीं जाणारी गाडी ओल्या रस्त्यावरहि ४८० फुटांच्या आंत थांबते, आणि ३५ मैलांनीं जाणारी २४० फुटांच्या आंत. म्हणजे प्रत्येक पायरीस, चालकास जितकें दिसतें तितक्यांत त्यास थांबतां यावें, हाच हिशेब आहे.

हुकूम पोंचविण्याचीं साधनेंहि एकाहून अधिक ठेविलीं. ज्यांवरील अक्षरें बदलतां येतात अशा दहा मोठ्या पाट्या. ज्यांवरील वेगाचा आंकडा बदलतां येतो अशा दुसऱ्या दहा पाट्या. आणि त्या टापूपुरतीच ऐकूं येणारीं नभोवाणीचीं दोन लहान केंद्रें. पुढें धुकें आहे, दिवे खालीं करा, वेग इतका ठेवा, असें चालक वाचतो आणि ऐकतोहि. रस्ता बंद करण्याची वेळ आली, तर राजमार्गावर चढण्याच्या वाटांवरील फाटकें दुरूनच लावतां येतात, आणि वाहनें जवळच्या जुन्या ११ क्रमांकाच्या रस्त्यानें वळविलीं जातात. या व्यवस्थेचें मर्म या फाटकांत आहे. यंत्र धुकें मोजतें, संगणक उपाय सुचवितो. परंतु रस्ता बंद करण्याचा अधिकार अगोदरच कोणाच्या तरी हातीं दिलेला आहे, आणि त्या घटकेला तो कोणासहि विचारीत बसत नाहीं.

याचें फळ काय मिळालें? १९७३ पासून १९९० पर्यंत त्या टापूंत धुक्यामुळें दोनशेंहून अधिक अपघात झाले होते. व्यवस्था सुरू झाल्यानंतरच्या सुमारें दहा वर्षांत धुक्यामुळें झालेला एकच अपघात नोंदला गेला. नदी तीच राहिली, खोरें तेंच राहिलें, धुकेंहि पूर्वींप्रमाणेंच पडत राहिलें. बदलली ती फक्त एक गोष्ट : खोऱ्यांतील बातमी खोऱ्याबाहेरच्या माणसास वेळेवर मिळूं लागली, आणि ती सर्वांस एकदम मिळूं लागली.

समुद्र, रूळ आणि रस्ता या तिन्ही ठिकाणच्या हकीकती शेजारीं शेजारीं ठेविल्या, म्हणजे असें दिसतें कीं या कामाच्या सांखळीस चार कड्या आहेत. हवामान मोजणें ही पहिली. मोजल्यावर काय करावयाचें हें संकटापूर्वींच ठरविणें ही दुसरी. तें वाटेवरील माणसास त्याच्या जागीं कळविणें ही तिसरी. आणि तें पाळलें जाईल अशी तजवीज करणें ही चौथी. मनुष्याचा सारा कल पहिल्या कडीकडे असतो. नवीं यंत्रें बसविलीं म्हणजे काम झालें असें त्यास वाटतें. पण तुटलेली सांखळी कोठें तुटली यास महत्त्व नसतें. बैल सुटावयाचा तो सुटतोच. दिल्लीच्या आसमंतांतून आग्र्याकडे जाणाऱ्या यमुना द्रुतगति मार्गावर हिवाळ्याच्या धुक्याच्या दिवसांत वेगाची मर्यादा कमी केली जाते. हें योग्यच होय. मात्र तो ऋतूचा हुकूम आहे, घटकेचा नव्हे. कायमच्या पाटीपेक्षां तो पुष्कळ बरा. परंतु आज या मैलावर काय आहे, हें त्यावरून कळत नाहीं.

महाराष्ट्रास याची आठवण करून देणारी रात्र २ ऑगस्ट २०१६ ची होय. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीवर १९२८ सालीं बांधलेला दगडी पूल होता. महाबळेश्वराच्या डोंगरांत पाऊस कोसळत होता आणि सावित्री दुथडी भरून चालली होती. मध्यरात्रीच्या सुमारास तो पूल ढांसळला. महाडच्या वाटेनें मुंबईकडे निघालेल्या राज्य परिवहनाच्या दोन गाड्या, एक लहान मोटार, आंत झोंपलेले उतारू, सारे त्या अंधारांत नाहींसे झाले. सुमारें चाळीस माणसें गेलीं. पुलापाशीं उजेड नव्हता. पूल तुटला हें पुढच्या गाडीस दिसलें नाहीं, आणि पुढची गाडी गेली हें मागच्या गाडीस दिसलें नाहीं. नदीला पूर होता, पाऊस पडत होता, पूल जुना होता, या तिन्ही गोष्टी कोणापासून लपलेल्या नव्हत्या. परंतु एवढें पाणी चढलें कीं या पुलावरून वाहन सोडूं नये, असें अगोदर ठरलेलें नव्हतें. आणि ठरलें असतें, तरी त्या रात्रीं तेथें फाटक लावण्यास कोणी नव्हतें.

त्या रात्रीं पुलाच्या जवळपास राहणाऱ्या एका माणसाच्या ध्यानांत आलें, कीं पुलाकडे गेलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे दिसत नाहींत. तो धांवत रस्त्यावर गेला, मागून येणारीं वाहनें त्यानें थांबविलीं आणि अधिकाऱ्यांना खबर दिली. तें त्याचें नेमलेलें काम नव्हतें. सिग्नलच्या खांबाशीं फटाका घेऊन उभा राहणारा धुक्यांतला रेल्वेचा मनुष्य जें करी, तेंच त्यानें कोणी न सांगतां केलें. आणि ज्यांना त्यानें अडविलें, ते आज हयात आहेत. पुढें १६५ दिवसांत तेथें नवा पूल उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजीं तो वाहतुकीस खुला झाला. मोडलेला पूल इतक्या त्वरेनें बांधतां येतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पूल मोडल्याची बातमी दोन मिनिटांत मागच्या वळणावर पोंचविणें, हें त्याहून स्वस्त काम आहे, आणि तें पुलाच्या अगोदर व्हावयास पाहिजे.

पुढच्यास ठेंच लागावी आणि मागच्यानें शहाणें व्हावें, ही जुनी रीत पायवाटेवर चालून गेली. आजच्या रस्त्यावर तें शहाणपण कोणीतरी पाण्याची उंची, धुक्याची दाटी आणि गाडीचा वेग यांवर नजर ठेवून तयार करावें लागतें, पुढच्या वळणावर नेऊन उभें करावें लागतें, आणि वेळ आली तर फाटक लावून पाळावयास लावावें लागतें. हियवासीच्या कांठीं हें व्हावयास २० वर्षें आणि १८ बळी लागले. ज्या नद्यांवर आणि ज्या घाटांत अद्यापि हें झालेलें नाहीं, तेथें पहिली ठेंच कोणास लागावी याची वाट पाहत बसणें, हें शहाणपण नव्हे.